पाणी सोडणारी

खोटं कशाला बोलू, कॉक मीच मोडला. नवऱ्याला, आमच्या मालकांना, सांगितलं झिजून मोडला, चंद्रकांत प्लंबरला बी तेच सांगितलं, पण मोडला मी. आन् त्याचं मला काडीचं वाईट वाटत न्हाई.

आमचं घर माणला, हिंजवडीच्या शेजारी. शेत होतं तवा कुत्रं बी इचारत नव्हतं या गावाला, आता शेतावर काचेच्या कंपन्या उभ्या ऱ्हायल्या आन् आमी घराच्या चारी अंगानं खोल्या बांधल्या. खाली-वर समद्या भरलेल्या. कुणी लातूरचं, कुणी अकोल्याचं, गळ्यात पट्टं अडकवून सकाळी जात्यात, रात्री येत्यात. पोरं गुणी हायेत, पण पाणी म्हणलं की समद्यांचे हात सैल. एक बादली गाडीला, एक बादली बुटाला. गच्चीवर टाकी एकच, आन् ती भरती तवा भरती. म्हणून टाकीतनं जो जाड पाइप खाली येतो, त्याला जिन्याखाली एक पितळी कॉक बसवलेला. तो सकाळी उघडायचा, सांच्याला उघडायचा, बाकी येळ बंद. उघडा ऱ्हायला तर वरच्या पोरांच्या गाड्या लखलखीत आन् सांच्याला समद्यांच्या मोऱ्या कोरड्या.

हे पाणी सोडायचं काम माझं. कसं पडलं माझ्याकडं? कॉकानं पाडलं. खोल्या नव्या होत्या तवाच त्याचं वरचं चाक गळून पडलं, नुसता दांडा ऱ्हायला. आतलं आटे बी गेलेलं. डाव्या तळव्यानं कॉकाचं अंग खाली दाबायचं, उजव्या हातात फडकं धरून दांडा हळूच वर उचलायचा, आन् आत कट करून बसला की मंग फिरवायचा. न्हाई बसला तर बसा गरगर फिरवत, पाणी यायचं न्हाई. कंपनीतल्या पोरांनी बघितलं करून, एकानं तर बोट कापून घेतलं. मालकांनी बी एकदा धरला, दोनदा फिरवला आन् म्हणलं, "अगं, याला तुझाच हात लागतुया."

तुझाच हात! लई गोड वाटलं बघा तवा. मालक चारचौघात सांगायचं, "आमच्या हिच्याबिगर कॉकाला कुणाचा हात लागत न्हाई." मी पदर सावरून बसायची. स्तुतीला भुलणारी बाई दुसरी कोन, मीच. पुढं कळलं की त्या एका वाक्यानं मला जिन्याखाली बांधून घातली.

कारण मंग कुटंच जाता येईना. सकाळचं पाणी झालं की बाहेर पडायचं, सांच्याच्या पाण्याला घरात. जत्रा असूं द्या, लग्न असूं द्या. जेवणाच्या पंगतीतनं उठून आलीय मी, हातावरची हळद तशीच. माहेरी भावाच्या घराची वास्तुशांत झाली, तितं मुक्काम न्हाई. मालकांचं तसं न्हाई हां. मालक जेजुरीला जात्यात, कोकणात जात्यात, मित्रांच्या गाडीतनं चार-चार दिस फिरून येत्यात. येताना माझ्यासाठी आमसुलं आणत्यात. "नवा कॉक बसवा की," मी किती येळा म्हणलं. "चालतंय की," असं म्हणून मालक पेपर उघडायचं. लोकांच्या खोल्यांत पाणी सोडता सोडता मी कशाकशावर पाणी सोडलं, ते माझं मलाच ठावं.

मालक तसं वाईट न्हाईत. मारणं न्हाई, पिणं न्हाई. रीतभात मात्र लई. आमची समी झाली तवा बाळाच्या उशाखाली विळा ठेवला होता, वाईट नजर लागू नये म्हणून. लोखंड ठेवत्यात ना, सव्वा महिना तितनं हलवायचं न्हाई. मी बाळंतीण, घरात दुसरा विळा सापडंना, तोच घेतला भाजी चिरायला. अगं बाई, काय घर डोक्यावर घेतलं मालकांनी! देवापुढं नारळ फोडला आन् विळा परत उशाखाली. त्या दिवशी भाजी हातानं मोडली मी.

तर ती समी आता फलटणला दिली. जावई कारखान्यात, पाळीची नोकरी. सासू न्हाई, नणंद न्हाई. समीला दिवस गेलं आन् मी म्हणलं पहिलं बाळंतपण, माहेरी आणू. आणणार कुटं, तिच्या खोलीत स्वरदा राहती, नागपूरची, कंपनीत हाय. मालक म्हणलं, "बघू, सहाव्या-सातव्याला करू कायतरी." ते करायच्या आधीच समीचं पाय सुजलं, दाब वाढला, आन् डॉक्टरनं सांगितलं पलंगावरनं उठायचं न्हाई, प्रवास तर बिलकूल न्हाई.

एकदा गेल्ते मी तिला बघायला. सकाळचं पाणी सोडलं, बंद केलं, आन् पळत सुटले. फलटणला पोचले तर पोरगी पलंगावर एकटी, उशाला तांब्या, तांब्यात पाणी न्हाई. तिचं केस इंचरलं, भात टाकला, आन् घड्याळ बघितलं. ती म्हणली, "आई, चहा तरी पिऊन जा." म्हणलं, "बाई, गाडी चुकली तर सांच्याचं पाणी चुकंल." ती कुशीवर वळली नुसती. परतीच्या गाडीत मला असं झालं की, खिडकीच्या गजावर डोकं आपटावं.

आन् मंग त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. जुना मोबाइल तिनंच दिलाय मला. "आई, मला भ्या वाटतंय गं. तू येऊन ऱ्हा ना. येशील ना?" मी म्हणलं, "येते." फोन ठेवला आन् पेपर वाचणाऱ्या मालकांना म्हणलं, "अवो, मी समीकडं जाऊन ऱ्हातीया, बाळंतपण होईस्तवर."

मालकांनी पेपर खाली केला न्हाई. "जा की. पण पाणी कोन सोडणार?"

मी उठले. जिन्याखाली गेले. वर पोरं बादल्या वाजवत होती, "काकू, पाणी!" डावा तळवा ठेवला, फडकं घेतलं, आन् काय झालं मला ठावं न्हाई, अंगात आलं जणू. दाबला न्हाई की उचलला न्हाई. दोन्ही हातांनी धरून उलटा पिळला. मानगूट पिळावी तसा. आत काहीतरी कडाडलं आन् दांडा माझ्या हातात आला. भोकातनं पाण्याची जी चिळकांडी उडाली ती थेट तोंडावर. पाणी बंद व्हायचं नावच घेईना. टाकी रिकामी होईस्तवर मी तितंच उभी, चिंब, आन् हसत होते. स्वरदा टॉवेल घेऊन पळत आली. "काकू, लागलं का तुम्हाला?" म्हणलं, "न्हाई गं पोरी, सुटलं."

दुपारी चंद्रकांत आला. शेजारच्या जांबे गावचा, तोंडात कायम तंबाखू, त्यामुळं बोलणं निम्मं हुंकारात. टाकी रिकामीच होती, त्यानं दोन पाने लावून जुना कॉक मोकळा केला. लई घट्ट बसलेला. एकदा पाना घसरला आन् त्याची बोटं भिंतीवर आपटली, त्यानं कॉकाच्या आईचा उद्धार केला. शेवटी निघाला. आतनं चिखल, गंज आन् एक मेलेलं झुरळ. पाइपच्या आट्यांवर त्यानं सुताचा धागा गुंडाळला, गळू नये म्हणून त्यावर सफेदा फासला, आन् नवा कॉक चढवला. काय देखणा होता म्हणून सांगू! चकचकीत, आन् वर वीतभर लोखंडी दांडी, लाल रबराची टोपी घातलेली.

"पाइपच्या सोबत उभी दांडी म्हंजे चालू. आडवी म्हंजे बंद," चंद्रकांत म्हणला. "बोटानं फिरतीया. बघा."

बघितलं. एका बोटानं फिरली. करंगळीनं बी फिरली. मी स्वरदाला हाक मारली, तिनं फिरवली. खालच्या खोलीतली नलिनी आली, तिनं फिरवली. मी म्हणलं, "काय गं, लागला का तुमचाबी हात?" आन् समद्याजणी हसलो. इतकं हलकं मला कितीतरी वर्सांत वाटलं नव्हतं. मालकांना म्हणलं, "बघा, आता कुणीबी पाणी सोडील. मी परवा जाते." मालक म्हणलं, "व्हय व्हय." मी माळ्यावरनं पिशवी काढली. बाळाची टोपडी, डिंक, खारीक, हळीव. जुन्या लुगड्याची लंगोटं फाडून घड्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या पोरांना सुट्टी होती. कुणी फिरवली दांडी, कोन जाणं. बोटानं फिरती ना! गाड्या धुतल्या, गालिचे धुतले, एकानं कुत्रं धुतलं. सांच्याला टाकी ठणठणीत. खालच्या बायकांनी बोंब मारली. मालक घरातनं पाना घेऊन आलं, दांडीचा नट सोडला आन् दांडी काढून घेतली. कॉकावर नुसतं बोटभर टोक ऱ्हायलं.

मंग ती दांडी मालकांनी माझ्या पुढं धरली. "हे घे. कमरेला ठेव. पाणी सोडताना लावायची, झालं की काढून घ्यायची. तुझ्याबिगर कुणाच्या हातात द्यायची न्हाई."

मी म्हणलं, "तुमी ठेवा की."

"माझा काय भरवसा? मी आज पौडला तहसीलमंदी, उद्या आणखी कुटं. घरात असती ती तू."

"मंग स्वरदाला देऊ?"

"भाडेकरूच्या हातात घराचं पाणी देतीस? याड लागलं का?" आन् मंग आवाज मऊ करून, हसून, "अगं, तूच तर हायेस पाणी सोडणारी."

तोच गोडवा, बघा. पण या खेपेला तो मला गिळवंना. रडायला आलं न्हाई, रागानं कानशिलं तापली. जुना कॉक निदान मोडका होता, त्याला शिव्या देता येत होत्या. हा नवा, धडधाकट, करंगळीनं फिरणारा, आन् तरी मी तितंच. पिशवी दाराआड भरून ठेवलेली, तिच्याकडं बघवंना. दांडी कमरेला साडीच्या केळ्यात खोचली, ती बरगडीला टोचायची. सकाळी लावायची, काढायची. सांच्याला लावायची, काढायची. समीचा फोन आला तर सांगायचं, "येते गं, दोन दिसांत येते." ती नुसतं हूं म्हणायची. तिचं हूं ऐकलं की मला जिन्याखाली जाऊन तो पाइपच उपटावासा वाटायचा.

शेवटी जावयाचाच फोन आला. दुपार होती. "आत्या, समीला कळा सुरू झाल्या, तारखेच्या आधीच. दवाखान्यात नेतोय. तुम्ही निघा."

मालक पौडला गेल्तं. मी कुणाला इचारलं न्हाई. दाराआडची पिशवी उचलली, स्वरदाला घरून काम होतं, तिला म्हणलं, "काका आलं की सांग, मी फलटणला गेले." आन् निघाले. हिंजवडीतनं सिटीबस, स्वारगेट, फलटणची गाडी मिळाली, खिडकीशी जागा बी मिळाली. गाडी दिवे घाट चढायला लागली. मी मागं टेकले आन् बरगडीला टोचलं.

दांडी!

सांच्याचं पाणी! दांडी कमरेला, कॉक बंद, खोल्यांत बायापोरं, नलिनीचं तान्हं लेकरू. काय करावं? घाट संपला, सासवड आलं. गाडी थांबली तशी मी पिशवी घेऊन खाली उतरले. समोर पुण्याची गाडी लागलेली, डायवर चढत होता. मी तिच्या पायरीवर पाय ठेवला. खरंच ठेवला. पायाला सवयच ती, सांच्याला घराकडं वळायची. तेवढ्यात पिशवीत मोबाइल वाजायला लागला. बघितलं तर मालक.

उचलला असता तर मी गेले असते माघारी. मला माझं ठावं हाय. मालकांनी नुसतं "अगं" म्हणलं असतं तरी गेले असते. फोन वाजत होता आन् मला समी दिसत होती, कुशीवर वळलेली. चहा तरी पिऊन जा, म्हणली होती पोरगी, तेवढाबी पिले न्हाई मी. मागनं फलटणच्या गाडीचा कंडक्टर वरडला, "ओ मावशी, येताय का सोडू गाडी?"

म्हणलं, "आले, आले! सोडू नगा!"

फलटण येईस्तवर फोन वाजतच होता. मी पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसले, कुणी हिसकावून नेईल तशी.

दवाखान्यात पोचले आन् समीनं माझा हात धरला तो सोडलाच न्हाई. नखं रुतली तिची. मी म्हणलं, "रुतू दे बाई, आता कुटं जात न्हाई मी." पहाटं पोरगी झाली. बारीक, लालबुंद, पण आवाज खणखणीत. शेजारच्या खाटेवर सुलक्षणा नावाची बाई होती, तिची सून बाळंत झालेली. तिनं बाळाकडं बघितलं आन् म्हणली, "अवो, लोखंड ठेवलं का उशाला? नुसती ठेवलीय पोर!"

पिशवीत हात घातला. टोपडी, डिंक, लंगोटं. ना विळा ना सुरी. एवढं समदं भरलं आन् हेच इसरले. सुलक्षणाबाई म्हणली, "काय बी चालतंय, लोखंड असलं म्हंजे झालं." माझा हात आपोआप कमरेला गेला.

काढली दांडी. लाल टोपी पुसली, टोपड्यात गुंडाळली आन् बाळाच्या उशाखाली सारली. बरगडीची जागा कितीतरी वेळ चुरचुरत होती.

मंग फोन वाजला आन् मंग मी उचलला.

"नात झाली," मी म्हणलं.

"बरं झालं, बरं झालं. दोघी बऱ्या हायेत ना?" मालक म्हणलं. आन् श्वासबी न घेता, "दांडी कुटं हाय?"

"बाळाच्या उशाखाली."

"आँ?"

"लोखंड लागतंय ना उशाला. दुसरं काय नव्हतं. आता सव्वा महिना हलवता यायची न्हाई."

रीतीचा माणूस, हलव कसं म्हणणार? मलाच वाईट वाटलं. म्हणलं, "समद्यांना पाण्यावाचून रात काढाय लागली का हो काल? नलिनीचं लेकरू..."

"पाण्याला काय झालं? मी आल्या आल्या सोडलं की. पकडीनं."

"पकडीनं?"

"टोक हाय ना वर, पकडीनं फिरतंय. जुना बी फिरायचा पकडीनं. तू तापानं पडल्ती बघ एकदा, तवा मीच सोडत होतो."

तापाचं आठवलं मला. मालक म्हणलं होतं प्लंबर येऊन जातुया रोज. आन् मी त्या प्लंबरला अंथरुणातनं दुवा देत होते. एवढी वर्सं. भावाची वास्तुशांत, पंगतीतनं उठणं, समीचा चहा. एक पकड. ती तर दाराच्या मागं खिळ्यालाच लटकलेली असती.

"मंग काल एवढा फोन कशाला करत होता?" मी इचारलं. "पाणी सोडलं होतं ना?"

"दांडी तुझ्याबरूबर गेली का बघायला."

"गेली असंल तर?"

"तर बरं," मालक म्हणलं. सरळ मनानं म्हणलं हो, त्यात खोट न्हाई. "म्हंजे माघारी येशील."

बाळ कुरकुरायला लागलं. समी झोपेत होती, तिचा हात माझ्या बाजूला पसरलेला.

"मालक," मी म्हणलं, "आता पाणी सोडा."

"अगं, सोडलंय म्हणलं ना. सकाळचं बी सोडलं."

कशावर सोडा म्हणलं, ते त्यांना कळलं न्हाई. मी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला आन् बाळाला उचलून घेतलं. उशी तशीच ठेवली.